अण्णाकडून वळणारी वाट

आमच्या हिच्या मामांना या जगात शत्रू एकच, आणि तो म्हणजे कुंपण. माणसांशी त्यांचं कधी वाजलं नाही, पण भिंत दिसली की त्यांचं डोकं फिरतं. मूळचे निपाणीचे, उभं आयुष्य बंगळुरात आर्किटेक्ट म्हणून गेलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ हे कन्नड शब्द कढीपत्त्यासारखे जागोजाग सापडतात. ‘जिच्यातून आरपार जाता येत नाही ती इमारत नव्हे जावईबापू, कपाट!’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो, त्या पहिल्याच आठवड्यात ते मी ऐकलं होतं.

इंदिरानगरात आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. मामा पुढच्या दाराने येतात, कॉफी घेतात आणि स्वयंपाकघरातून मागच्या गल्लीत निघून जातात. आल्या वाटेने परत जाणं हा त्यांच्या मते घराचा अपमान. चपला अर्थातच पुढच्या दाराशी राहतात. मग ही त्या हातात घेऊन ‘अहो मामा, चपला!’ करत घराला वळसा घालून धावते, तर मामा अनवाणी उभे राहून शेजाऱ्यांच्या मागच्या दाराकडे आशेने बघत असतात. एकदा बँकेत ते रोखपालाच्या पाठीमागून पलीकडच्या रस्त्याला लागायला निघाले. रखवालदाराने दंड धरला, तर त्यालाच त्यांनी इथे दार पाडलं तर गर्दी कशी कमी होईल ते समजावून सांगितलं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात स्टेजच्या मागून पंगतीकडे जायला वाट आहे असा शोध त्यांना लागला आणि ते दिवसभर तिथूनच ये-जा करत राहिले. त्या अल्बमात आहेर देणारी माणसं बदलतात, मामा मात्र प्रत्येक फोटोत कुठेतरी निघालेले असतात.

या सगळ्यामागे एक दुखणं होतं, ते मला उशिरा कळलं. मामांनी आजवर जितक्या इमारती बांधल्या, तितक्यांतून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वाट ठेवली होती, आणि त्या प्रत्येक वाटेला पुढे कोणी ना कोणी गेट लावून कुलूप ठोकलं होतं. म्हणून निवृत्तीआधीचं शेवटचं काम हाती आलं तेव्हा ते हिला म्हणाले, ‘एक तरी उघडी राहू दे गं. मग मी सुखाने घरी बसतो.’

काम होतं जुन्या बाजारालगतचं. तिथे एक दगडी छत्र आहे. छत्र म्हणजे आपल्याकडची धर्मशाळा. तिच्या ओट्यावर एक अक्का इडल्या विकायच्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेतून लोक बसस्टॉपकडे जायचे. त्या मोकळ्या जागेत खाली दुकानं आणि एखाददुसरा फ्लॅट, वर सगळे फ्लॅट अशी इमारत व्हायची होती. बिल्डरला छत्राच्या बाजूने उंच भिंत हवी होती आणि मामांना तिथेच रस्त्यापासून बाजारापर्यंत सगळ्यांसाठी वाट.

‘वाट कागदावर काढायची नसते, चालून काढायची असते,’ असं म्हणत मामांनी एका रविवारी मराठी मंडळातली यच्चयावत मंडळी त्या जागेवर गोळा केली. स्वतः रांगोळीची पिशवी घेऊन त्यांनी अख्खी इमारत जमिनीवर खऱ्या मापाने काढली. मला खांब केलं. माझा नागपूरचा सहकारी लिफ्ट झाला. त्याने दोन्ही हात उघडायचे, माणूस आत आला की मिटायचे. ‘मामाजी, वरच्या माळ्यावर किती वेळ थांबू?’ असं तो कळवळून विचारत होता. बाकीच्यांनी पिशव्या घेऊन वाटेवरून जायचं होतं. वाटेच्या बरोबर मध्ये एक तांबडा कुत्रा झोपला होता. मामा या शहरात भेटेल त्याला अण्णा म्हणतात, तसं त्यालाही म्हणायचे. मी त्याला हुसकावायला गेलो तर म्हणाले, ‘खांबाने हलायचं नसतं. अण्णा इथले जुने रहिवासी आहेत. आपणच स्वल्प वळून जाऊ की.’ आणि त्यांनी रांगोळीची रेघ कुत्र्याला वळसा घालून नेली.

घोटाळा केला तो मंडळातल्या कुलकर्णी काकूंनी. त्यांना तळमजल्यावरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर दिलं होतं, म्हणजे रांगोळीचा एक चौकोन. पंधरा मिनिटांत काकू तिथे रुळल्या. कोणी रेघेवरून आत आलं की ‘चपला बाहेर!’ म्हणू लागल्या. मग त्यांना वाटेवरच्या वर्दळीचा त्रास व्हायला लागला. ‘ही कोण कुठली माणसं दिवसभर माझ्या खिडकीपुढून जातात? तिकडून जा म्हणावं त्यांना!’ असं म्हणत त्यांनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची वाटेत आडवी घातली. मंडळी पोट धरून हसली. मामा तेवढे हसले नाहीत. रांगोळीची पिशवी खाली ठेवत ते मला म्हणाले, ‘बघितलात काय जावईबापू? भिंत अजून बांधली नाही आणि काकूंनी दार लावलंसुद्धा.’

त्यानंतर त्यांनी नकाशात एकच बदल केला. नव्या इमारतीत रस्त्याच्या तोंडाशी ठरलेलं अक्कांचं इडलीचं दुकान त्यांनी वाटेच्या मध्यावर, कडेला नेलं. अण्णाभोवतीचं वळण मात्र तसंच राहिलं. नकाशात ते पाहून बिल्डरला तिथे एखादी जुनी समाधी असावी असं वाटलं, आणि त्याने लांबूनच नमस्कार करून मान्यता दिली.

इमारत झाली, वाट झाली. अण्णा तोवर गेले होते, पण फरशीतलं वळण राहिलं. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते एचएसआर लेआउटमध्ये मुलीकडे राहायला गेले. ती सोसायटी अशी, की भाजी घेऊन परत आलं तरी गेटवर नाव विचारतात. आणि एक दिवस मला कळलं, की फ्लॅटवाल्यांनी मीटिंग घेऊन वाटेच्या दोन्ही टोकांना गेट बसवलंय. मी फोन केला. मामा फक्त ‘सरी’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॅटवाले रोजच्या नाश्त्याला खाली उतरले, तर अक्कांचं दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. सेक्रेटरी त्यांच्या घरी गेले. अक्का कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या, ‘माझी चूल येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जिवावर पेटते. ते नाहीत तर तुमच्या एवढ्याशा इडल्यांसाठी पीठ कोण भिजवणार?’ पुन्हा मीटिंग झाली. कुलूप काढायला एकमताने मंजुरी मिळाली, कारण सगळे उपाशी होते. आता त्या गेटवर अक्का आपली फडकी वाळत घालतात.

गेल्या रविवारी मी मामांना तिथे घेऊन गेलो. छत्राच्या ओट्यावर ते जरा टेकले, दगडावरून हात फिरवला आणि काठी टेकत निघाले. पुढे भाजीवाली चालली होती, मागे कॉलेजची मुलं. अण्णाच्या जागेशी आल्यावर सगळी माणसं मुकाट्याने वळत होती. ज्यांनी तो कुत्रा जन्मात पाहिला नाही, तीही वळत होती. मामा त्या रिकाम्या जागेपाशी थांबले, मान लववली आणि तेही वळले.

पलीकडच्या टोकाला पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या पायात काही नाही. चपला ओट्याशीच राहिल्या होत्या. मी मागे फिरलो, चपला उचलल्या आणि वर पाहिलं. वाटेच्या शेवटी मामा अनवाणी उभे होते. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत होती, आणि ते काठी उंचावून मला ओरडून सांगत होते, ‘या की जावईबापू, वाट उघडी आहे!’