नववा डाव

मायलो कुबिचेक कॅचर झाला तो काही हौसेने नव्हे. वेल्डन गावच्या पोरांच्या बेसबॉल संघात त्या वर्षी फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायला कुणी तयार होईना. गुडघे भरून येतात, मुखवट्यात घामाने जीव जातो आणि चेंडू सुटला की सगळ्यांच्या शिव्या. मायलोचा बाप एमिल गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. सुटी झाली की भुशाने माखलेला तसाच मैदानाच्या जाळीशी येऊन उभा राहायचा. तिथूनच तो ओरडला, "बस रे तू! पळण्याच्या नावाने तसाही आनंदच आहे."

मायलो बसला, आणि पुढे तिशी गाठेपर्यंत बसूनच राहिला.

हात मात्र चांगला निघाला. शाळेच्या संघात असताना, चोरून पुढच्या बेसकडे पळणाऱ्याला तो जवळजवळ बसल्या जागेवरून चेंडू फेकून बाद करी. एका मोठ्या क्लबाचा माणूस येऊन मागच्या बाकावर कणीस खात दोन सामने बघून गेला, आणि शाळा संपताच मायलोची करारावर सही झाली. आई तो लहान असतानाच गेली होती. घरात बाप-लेक दोघंच. निघताना एमिलने त्याच्या हातात सॉसेजची पुरचुंडी दिली आणि म्हणाला, "गुडघे सांभाळ."

मोठ्या लीगच्या खाली छोट्या लीगच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालच्या पायरीवर पोरं घरच्या आठवणीने रडायची. मधल्या पायरीवर रडणं थांबलं, लग्नं आणि भांडणं सुरू झाली. सगळ्यात वरच्या पायरीवर कुणी रडत नसे. तिथे माणसं सकाळी पेपर उघडून, वर मोठ्या लीगमध्ये कोण जखमी होऊन जागा रिकामी झालीय ते बघायची. मायलोही बघायचा. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. बस, पीनट बटर लावलेला पाव, मॉटेलची ओलसर खोली, पुन्हा बस. चेंडू झेलून झेलून डाव्या हाताची तर्जनी बधिर झाली होती, आणि हळूहळू ते सगळीकडे पसरत असावं असं त्याला वाटायचं.

एका उन्हाळ्याच्या शेवटी मॅनेजरने त्याला न्हाणीच्या दारातच गाठलं. "कुबिचेक, बॅग भर. वर बोलावलंय."

"कुणाला?"

"तुझ्या आत्याला! तुलाच रे, गाढवा."

त्याने घरी फोन करून बापाला सांगितलं.

"जेवलास का?" एमिलने विचारलं.

"हो, बाबा."

"निघतो मी."

आपली जुनी पिकअप घेऊन एमिल मोठ्या शहरात आला. क्लबाचा मुख्य कॅचर पाठ धरल्यामुळे बाहेर होता, दुसरा खेळत होता, मायलो बाकावर. एक सामना गेला, दुसरा गेला. एमिल रोज वरच्या, स्वस्तातल्या जागी जाऊन बसायचा. तिसऱ्या सामन्यात आठव्या डावात तिथल्या मॅनेजरने कॅचरऐवजी दुसऱ्याच एकाला बॅट घेऊन पाठवलं, म्हणजे तो कॅचर सामन्यातून बाद झाला, आणि मागे वळून म्हणाला, "शेवटचा, नववा डाव तुझा."

मायलोने पॅड बांधले, मुखवटा घेतला. तेवढ्यात पाऊस आला. माळ्यांनी मैदानावर ताडपत्री ओढली. सगळे खेळाडू आत जाऊन पत्ते खेळत बसले. मायलो पॅड बांधून बाहेरच्या बाकावर ताडपत्रीवरचं पाणी बघत बसला. वर रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांत एक माणूस डोक्यावर पुठ्ठा धरून तसाच बसलेला दिसत होता. शेवटी पंचांनी सामना तिथेच संपल्याचं जाहीर केलं. घरचा, म्हणजे मायलोचाच संघ पुढे होता, तोच जिंकला. नववा डाव झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कॅचर बरा झाला आणि मायलोला परत खाली पाठवलं.

पार्किंगमध्ये एमिलची टोपी अजून ओलीच होती. "गणवेश शोभत होता तुला," तो म्हणाला. मायलोने मान हलवली. काहीतरी वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला, पण काही वाटलं नाही.

पुढच्या वसंतात क्लबाने त्याला सोडून दिलं. तो गावी आला आणि बापाच्याच कोठारावर लागला. एका सकाळी तो मिल्ड्रेडच्या हॉटेलात शिरला, तर एमिल एका बियाणेवाल्याला सांगत होता, "एक डाव खेळलाय आमचा मायलो. वर. मोठ्या लीगमध्ये. मी होतो ना तिथे!" मायलोला बघून तो थांबला नाही. मायलोने कॉफी मागवली आणि तो खिडकीशी जाऊन बसला. त्यानंतर तो डाव गावात वर्षानुवर्षं सांगितला गेला.

कोठाराच्या धुळीने एमिलची फुप्फुसं खाल्ली. दवाखान्यात नाकाला नळी लावलेल्या बापाने एका दुपारी विचारलं, "त्या डावात टाकणाऱ्याला खुणेने पहिला चेंडू कुठला मागितलास रे?"

मायलोने बापाच्या डोळ्यांत बघितलं. ते अगदी स्वच्छ होते, भ्रमाचा मागमूस नव्हता.

"वळणारा. खाली, बाहेरच्या बाजूला."

"पहिलाच वळणारा? वेडबीड लागलं होतं का?"

"फलंदाज सरळ चेंडूची वाट बघत होता, बाबा."

"हं. मग?"

मायलोने पूर्ण डाव सांगितला. एक झेल, एक धावताना बाद, तिसरा बॅट फिरवून चुकला. एमिल डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "जरा सावकाश सांग."

त्याच आठवड्यात तो गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. डुकराचं मटण, डंपलिंगचे उकडलेले गोळे, आंबट कोबी. कुणीतरी म्हणालं, "मायलो, एमिलचा तो डाव तू तरी सांग आज."

मायलोच्या हातात ताटली होती. तो म्हणाला, "पाऊस आला होता. खेळलोच नाही मी."

मिल्ड्रेडने त्याच्या ताटलीत आणखी एक डंपलिंग वाढलं.

"माहितीये रे," ती म्हणाली. "पेपर आम्हीही वाचला होता. सगळ्यांनीच. बस, खाऊन घे."

तो बसला. कोबीला मीठ कमी पडलं होतं. समोरून मीठ सरकवलं गेलं, ते त्याने घेतलं. सोमवारी गव्हाचे ट्रक येणार होते. ते कुठल्या फाटकातून घ्यायचे यावर माणसं बोलू लागली, आणि थोड्या वेळाने मायलोही बोलू लागला.