मध्यंतरानंतरचं गाणं

सोलापूर सोडताना पिशवीत शेंगाचटणी होती आणि मनात एकच काम. माझी बायको पद्मा जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या वर्षश्राद्धाला तिचा धाकटा भाऊ श्रीनिवास यावा, एवढंच सांगायला मी सिंगापूरला निघालो होतो. पद्मा सोलापूरच्या तेलुगू विणकरांतली, मी मराठी शाळामास्तर. आमचं लग्न झालं त्या दिवसापासून श्रीनिवासनं आमच्या घराची पायरी चढली नव्हती. माझा फोनही उचलत नसे. म्हटलं, आता समोरच जाऊन उभं राहावं.

चांगीचा विमानतळ इतका स्वच्छ, की चपला बाहेर काढायच्या राहिल्या की काय असं वाटलं. एमआरटीनं (तिथली मेट्रो) श्रीनिवासच्या वस्तीत, तोआ पायोहला उतरलो आणि भलत्याच दारानं बाहेर पडलो. सगळ्या इमारती सारख्या, फक्त आकडे वेगळे. घामानं निथळत एका हॉकर सेंटरात (खाण्याच्या टपऱ्यांचं छप्पर घातलेलं आवार) टेकलो. शेजारच्या चिनी आजींना पत्त्याची चिठ्ठी दाखवली.

"व्हेरी निअर, लाह! अंकल, ड्रिंक कोपी फर्स्ट," त्या म्हणाल्या. कोपी (घट्ट गोड दुधाची कडक कॉफी) पाजून त्यांनी मला थेट लिफ्टपर्यंत पोहोचवलं.

नवव्या मजल्यावर श्रीनिवासनं दार उघडलं, पण दारापुढची लोखंडी जाळी काही उघडली नाही. केस पांढरे झालेले, नाक मात्र अगदी पद्माचं.

"सर, तुम्ही?" तो जाळीआडून म्हणाला.

"आत घेतोस, का असाच परत जाऊ?" माझा आवाज चढलाच. त्यानं मुकाट्यानं कुलूप काढलं.

बायको लेकीकडे गेली होती, म्हणून त्यानं स्वतःच पुलिहोरा (चिंचेचा भात) केला. चव थेट पद्माच्या हातची. मी निरोप सांगितला. "बघतो," एवढंच म्हणाला.

मग त्यानं टीव्हीवर एक जुना तेलुगू चित्रपट लावला. हाच चित्रपट या बहीणभावांनी लहानपणी सोलापुरात कितीदा तरी पाहिला होता. बहीण घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करते, भाऊ नातं तोडतो. मध्यंतरानंतर तोच साडी आणि हळदकुंकू घेऊन तिच्या दारी येतो. पद्मानं मला सगळी कथा सांगितली होती. मध्यंतराची पाटी आली आणि श्रीनिवासनं टीव्ही बंद केला.

"पुढचं बघत नाही ओ मी. अक्काच्या लग्नापासून नाही."

"पद्मा बघायची."

"रडायची?"

सांगितलं तर त्याच्या जिव्हारी लागणार होतं. खरं सांगायचं तर मला ते लागायलाच हवं होतं. "नाही. भावाचं गाणं सुरू झालं, की उठून आपल्या दाराची कडी काढून यायची. मी विचारलं, तर म्हणायची, वारं येऊ दे."

त्यानं रिमोट पुन्हा उचलला. मग त्यानं चित्रपट पुढे सुरू केला. आधी नुसती वीणा, मग गाणाऱ्याचा आवाज, आणि पडद्यावर चालत येणारा भाऊ. श्रीनिवास तोंडावर हात धरून रडला. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

निघताना म्हणाला, "कुठल्या तोंडानं येऊ?"

"तोंड राहू दे. नुसता ये."

विमानात वाटलं, इतक्या लांब येऊन मी एका माणसाला रडवून आलो, बाकी काही नाही.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी मी त्याच चित्रपटाच्या गाण्यांची पद्माची कॅसेट लावली. भावाचं गाणं सुरू झालं आणि मी उठून कडी काढून आलो. तिच्या या सवयीला मी जन्मभर हसलो होतो. वाट बघणं काय असतं, ते मला त्या सकाळी कळलं.

दार कुणी वाजवलं नाही. सरळ ढकललं. श्रीनिवास आत आला. हातात साडी, वर हळदकुंकवाची पुडी.

"बावा (बहिणीचा नवरा)," तो मला पहिल्यांदाच म्हणाला, "अक्का कुठं बसायची?"

मी खुर्ची दाखवली. त्यानं साडी तिच्यावर ठेवली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसून गाणं शेवटपर्यंत ऐकलं.