शनिवारचा सिनेमा

भुईगावात आमच्या गल्लीत एक बाई कपडे शिवायची. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला मुली घालतात ते पांढरे झगे तिच्याच हातचे असत. लहानपणी तिनं सिनेमात कामं केली होती, तीही मुलग्यांची. बोलताना अजूनही ती नकळत उजेडाकडे तोंड वळवायची. त्या दिवसांबद्दल विचारलं, की मात्र ओठांत टाचण्या धरून कापड मोजू लागायची.

टीव्ही तेव्हा फक्त आमच्याकडे होता. एकदा ती माझ्या आईला म्हणाली, "मावशी, शनिवारी माझा सिनेमा दाखवणार आहेत. येऊ का बघायला?"

आली आणि अगदी पुढे बसली. पडद्यावर जत्रेच्या गर्दीतून एक लहान मुलगा धावत होता.

"अगं, ही तूच ना?" आईनं विचारलं.

"माझ्याकडे नका बघू. मागे बघा, ती हिरव्या लुगड्यातली. माझी आई. गर्दीला माणसं कमी पडली म्हणून तिलाही उभी केली होती. ती गेली, पण तिचा एक फोटो नाही आमच्याकडे."

आमचा टीव्ही काळा-पांढरा होता. गर्दी सरकली, लुगड्यातली बाई दिसेनाशी झाली. तशी आमची पाहुणी उठून चपला घालू लागली.

"अगं, अजून अर्धा बाकी आहे," आई म्हणाली.

"पुढे सगळी मीच आहे, मावशी."