दीनाबाईंचा दुसरा तवा

अठ्ठेचाळीस सालच्या जूनमध्ये दीनाबाई उजागरे नगरातल्या एका नव्या कॉलेजच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या. बाई ख्रिस्ती, नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता. तो तापानं गेला, तेव्हापासून बाई दुसऱ्यांच्या चुली सांभाळत आल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत. काम एकच, अठ्ठावीस मुलांचं दोन वेळचं जेवण.

मुलांना वळण लावायचं काम प्राध्यापकांकडे होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या मुलांपुढं चारित्र्य आणि वेळेची किंमत या विषयावर दीड तास इंग्रजीत भाषण केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथून थेट स्वयंपाकघराचं दार गाठलं. संडास कुठल्या बाजूला, धुणं कुठं वाळत घालायचं, वर्गात शिरताना सायबाला काय म्हणायचं, हे सगळं त्यांनी बाईंना विचारलं. मास्तराच्या घरात उमेदीची वर्षं गेलेली, तेवढं इंग्रजी बाईंना येत होतं. बाईंनी ‘मे आय कम इन’ दोनदा म्हणवून घेतलं.

त्या घोळक्यात मिरजगावचा गोरक्ष नव्हता. तिथल्या मोठ्या शेतकरी आप्पासाहेबांचा हा थोरला मुलगा, घराण्यातला पहिला मॅट्रिक. बाप निघताना बजावून गेला होता, “शिक्षन घे, पर किरिस्तावाच्या हातचं खाऊ नको.” त्यामुळं दर सोमवारी सर्व्हिस मोटारीनं गावाहून भाकऱ्यांचं गाठोडं येई. बुधवारपर्यंत त्या वाळत, गुरुवारी त्यांचा खडखडाट होई आणि शनिवारी गोरक्ष शेंगदाण्यांवर धर्म राखी. पुढच्या खोलीत बाकीची पोरं पिठलं ओरपत असत.

तिसऱ्या आठवड्यात तो पेटी घेऊन पायऱ्या उतरताना बाईंना दिसला.

“कुठं निघालास?”

“गावी. मला न्हाई जमायचं हितं.”

“अभ्यास जमंना का?”

“अभ्यास जमतोय की.” त्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली. “भूक लागती, मावशी.”

बाईंनी त्याला धर्मावर काही सांगितलं नाही. आत जाऊन दुसरा तवा आणला, नवा कोरा, कुणाचाच हात न लागलेला. “ती कोपऱ्यातली चूल तुजी. पीठ तुजं, पानी तुजं, हात तुजा. मी उंबऱ्याच्या भाईर बसून नुसतं तोंडानं सांगते. तोंडानं तर बाटत न्हाई न्हवं?”

गोरक्षनं यावर बराच विचार केला. शास्त्रात याची मनाई त्याला आठवेना. त्यानं पेटी खाली ठेवली.

पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, दुसरी तव्याला चिकटली. बाई बाहेरून ओरडत, “पानी गरम घे! मळ, अजून मळ! आरं, थाप म्हंजी गालात न्हवं, पिठाला!” पोरं दारात उभी राहून हसत. महिन्याभरात त्याला कशीबशी भाकरी जमू लागली. एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं करपलेली, पण स्वतःची. त्यानं घरी अभिमानानं पत्र लिहिलं.

सहामाही परीक्षेच्या दिवसांत आप्पासाहेब अचानक येऊन ओसरीवर बसले. त्यांनी गावाहून चटणी आणली होती, भाकरी मुद्दाम आणली नव्हती. गोरक्ष पेपर देऊन आला तोच म्हणाले, “लई भूक लागलीया. तुज्या हातची भाकर आन, बघू तरी.”

गोरक्ष आत आला. पेपरामुळं सकाळी त्यानं चूलच पेटवली नव्हती.

“चूल मोकळी हाय,” बाई म्हणाल्या. “थाप.”

“अर्धा तास लागंल, मावशी.” त्याची नजर बाईंच्या टोपलीकडे गेली. तिथं मऊ, पापुद्रा सुटलेल्या भाकऱ्यांची चवड होती.

“आरं, आनतूस का न्हाई?” बाहेरून हाक आली.

दीनाबाईंनी पाठ फिरवली आणि पिठलं ढवळायला घेतलं. ते केव्हाच झालं होतं. त्या वळल्या तेव्हा चवडीतल्या तीन भाकऱ्या कमी होत्या.

आप्पासाहेबांनी तिन्ही खाल्ल्या. मग हात धुऊन दारापर्यंत आले आणि लांबूनच बाईंना म्हणाले, “बाई, आमच्या पोराच्या हाताला त्याच्या आईची चव हाय. तुमी जरा शिकून घ्या त्याच्याकडनं.”

“व्हय जी,” बाई म्हणाल्या.

बाप मोटारीला गेल्यावर गोरक्ष चुलीपाशी येऊन उभा राहिला. कान लाल झाले होते.

“मावशी, तुमी सांगितलं का न्हाई त्यांना?”

“त्यांनी मला कुठं इचारलं?”

तो ताट घेऊन पुढच्या खोलीत पोरांच्या पंगतीला बसला. बाईंनी त्याला इतरांसारखंच वाढलं, कमी नाही, जास्त नाही.

पुढं गोरक्ष वकील झाला आणि नगरातच राहिला. गावी मात्र आप्पासाहेब पारावर सांगत राहिले की कॉलेजात चार वर्षं राहूनही आपल्या मुलानं दुसऱ्याच्या हातचा घास घेतला नाही. दर सुगीला ते त्याच्या नावानं वसतिगृहावर जोंधळ्याचं पोतं धाडत. दीनाबाई ते उतरवून घेत, निवडत, दळून आणत आणि अठ्ठावीस पोरांना खाऊ घालत.