खाली मान घातलेले काका

काकांनी परक्या बाईच्या तोंडाकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. समोर बाई आली की त्यांची मान आपोआप खाली जायची, हात जोडले जायचे आणि तोंडातून शब्द यायचा, "या, माउली." म्हातारी असो की नवी सून, सगळ्या माउली. गावातल्या सासवा आपल्या मुलांना काकांचं उदाहरण देत. मला मात्र ती खाली गेलेली मान आठवली की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मान खाली घातली की समोरच्याचे पाय दिसतात, आणि काका पाय फार नीट बघायचे.

गोदाकाठच्या आमच्या गावात त्यांचं वह्या-शाईचं दुकान होतं. मी शाळेत मास्तरीण होते. माझी थोरली बहीण, अक्का, सरकारी नर्स होती. आम्ही दोघी आरोग्य उपकेंद्रामागच्या खोलीत राहत होतो. शाळा सुटली की मी खडू आणायच्या निमित्तानं काकांच्या दुकानात टेकायची, कारण वाक्याबद्दल बोलणारा गावात तो एकच माणूस होता. मी तालुक्याच्या साप्ताहिकात काहीबाही लिहायची. काका ते शेंगदाणे खात वाचायचे आणि म्हणायचे, "माउली, तुमची बाई नुसतीच सुंदर आहे. तिची चप्पल कुठं तुटलीय ते सांगा, मग ती चालायला लागेल." हे मला पटायचं आणि मी घरी येऊन तसं लिहायची. आजही लिहिते.

दुष्काळाच्या त्या वर्षांत वह्या कोण घेणार? लोक खडी फोडायला जात होते, रेशनची लाल मिलो ज्वारी खात होते. पोरांना पाटीवरची पेन्सिल काका फुकट द्यायचे, आणि तरी त्यांच्या घरची चूल चालू होती. कशी, ते मला नगरच्या एसटी स्टँडवर कळलं. मी शिक्षकांच्या शिबिरासाठी गेले होते. काका एका स्टॉलवाल्याला पिशवीतून पुस्तकांचा गठ्ठा काढून देत होते. वर चार पंचांगं, खाली ती तसली पुस्तकं. पिवळट कागदाची, पातळ, कडेला पिना मारून बंद केलेली, फुकटात कुणी चाळू नये म्हणून. लेखिकेचं नाव 'कुमारी नीलाक्षी'.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून पळाला असता. काकांनी मला बाकावर बसवून चहा पाजला. "पोटाचा धंदा आहे, माउली," ते माझ्या चपलांकडे बघत म्हणाले. "लिहिणारा मी, पैसे घालणारा मी आणि हमालही मीच. मधे कुणी खाणारा नाही." मग त्यांनी मला त्या धंद्यातल्या खुब्या अशा सांगितल्या, जशी एखादी सुगरण मसाल्याचं प्रमाण सांगते. तिसऱ्या पानापर्यंत दाराला कडी लागली पाहिजे. बाईला नवरा हवा, पण तो फिरतीवर हवा. मुखपृष्ठावरच्या चित्राचा ठोकळा छापखान्यात पडलेल्या केसांच्या तेलाच्या जुन्या जाहिरातीचा होता, स्वस्तात मिळालेला. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पुस्तकावर तीच तेलवाली बाई होती, फक्त शाईचा रंग बदलायचा. बोलता बोलता ते बोट जिभेला लावून पानं मोजत होते. त्याच बोटांनी त्यांनी मला तिकिटासाठी नोट मोडून सुटे दिले, आणि मी स्टँडच्या नळावर हात धुवायला गेले. नळाला पाणी नव्हतं, तरी चोळले.

रात्री मी अक्काला सांगितलं तेव्हा ती हसली. "लिहू दे गं," ती म्हणाली. "बायको पोटुशी आहे त्यांची. कुणाच्या घरात दरोडा तर घालत नाहीत." अक्का तशीच होती. बाळंतपणं करून करून तिला माणसाच्या शरीराचं काही वाटेनासं झालं होतं. तिच्या स्वतःच्या डाव्या पावलावर भाजल्याचा पांढरट डाग होता, पिंपळाच्या पानाएवढा. शिकत असताना उकळत्या पाण्याचं भांडं पायावर पडलं होतं. बाहेर ती पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत असायची, म्हणून तो डाग दिसायचा तो घराघरातल्या बायकांना. ती बूट उंबऱ्याबाहेर काढायची आणि अनवाणी आत जायची.

काकांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनी वयानं लहान, शिक्षण शून्य, आणि नवरा शिकलेला याचं तिला अपार कौतुक. तिचं पहिलंच बाळंतपण अवघड निघालं. पोर आडवं होतं. अक्का संध्याकाळी त्या घरात शिरली ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच बाहेर आली. मुलगी झाली, दोघी जगल्या. मी अक्काला घ्यायला गेले होते, तेव्हा पाहिलं ते सांगते. काकांनी घरातला तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या अक्काच्या पायांवर स्वतःच्या हातानं पाणी घातलं. त्या दिवसांत नदीच्या वाळूत झिरे खणून बायका वाटी वाटी पाणी भरत होत्या. अख्खा तांब्या पायावर म्हणजे काय, हे आज कुणाला समजणार नाही. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्का घरी येताना मला म्हणाली, "आजवर माझ्या पायावर कुणी पाणी घातलं नव्हतं बघ."

पाचसहा महिने गेले. चारा नाही म्हणून आमच्या गावचा एकजण घोडेगावच्या बाजारात बैल विकायला गेला आणि येताना ते पुस्तक घेऊन आला. तेलवाली बाई या खेपेला हिरव्या शाईत होती. पिठाच्या गिरणीवर पुरुषांत ते वाचलं गेलं. गोष्ट एका नर्सची होती. पांढरे कॅनव्हासचे बूट, डाव्या पावलावर पिंपळपानाएवढा पांढरा डाग. गोष्टीतला पुरुष पहाटे तिच्या पायावर तांब्याभर पाणी घालतो. तिथून पुढचं मी लिहीत नाही. मी ते पुढं स्वतः वाचलं, आणि वाचून न्हाणीत जाऊन ओकले.

पुरुषांनी घरी जाऊन आपापल्या बायकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "नर्सबाईच्या पायावर भाजल्याचा डाग हाय का गं?" आणि त्या भाबड्या बायकांनी, ज्यांच्या प्रत्येकीच्या वेळी अक्का रात्रभर जागली होती, खरं तेच सांगितलं. "व्हय, हाय की. डाव्या पायावर. का वं?" एवढ्यानं झालं. ज्या पायांनी ती त्यांच्या घरात गेली होती त्याच पायांवरून गावानं तिची साक्ष काढली.

पारावरून कुणीतरी ओरडायचं, "बाई, पानी घालू का पायावर?" ते अक्कानं सोसलं असतं. तिला सोसलं नाही ते दारं बंद झाली ते. ज्या घरात दिवस भरलेली बाई होती त्या घरातून निरोप यायचा, "आमची मानसं नगं म्हंत्यात." सुईण बोलावली जायची. एकीला बैलगाडीतून कोपरगावला नेलं, ती जगली, पोर गेलं. त्या रात्री अक्का जेवली नाही. "मी इथंच होते गं, हाकेवर," एवढंच म्हणत राहिली. लिहिणारा कोण हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी म्हटलं, पारावर उभं राहून सांगते सगळ्यांना. ती म्हणाली, "सांग, म्हणजे म्हणतील, त्यानं खरंच बघितलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला घेऊन काकांच्या घरी गेली. बूट उंबऱ्याबाहेर काढले. वहिनी पोरीला कडेवर घेऊन हसत पुढे आली, सतरंजी घातली. काका खाली मान घालून हात जोडून उभे. अक्कानं पिशवीतून ते पुस्तक काढून त्यांच्यासमोर धरलं.

"काका, वाचून दाखवा. मोठ्यानं."

"माउली..."

"वाचा. वहिनींना कुठं वाचता येतं? त्यांनाही ऐकू दे तुम्ही काय लिहिता ते."

वहिनीचा चेहरा फुलला. "ह्यांनी लिव्हलंय? अन् मला न्हाई सांगितलं!" ती पोरीला मांडीवर घेऊन टेकलीच खाली. काकांनी पुस्तक घेतलं. वाचायला लागले. नर्सनं उंबऱ्यापाशी काढलेले बूट, बुटांत गुंडाळून ठेवलेले मोजे, पहाटेचा उजेड. वाक्यं चांगली होती हे मला तेव्हाही कळलं, आणि त्याचीच मला जास्त किळस आली. तांब्याचं पाणी पावलांवर पडलं, इथपर्यंत ते आले.

"अगं बया!" वहिनी टाळी वाजवून म्हणाली. "आपल्याच घरचं लिव्हलंय की! आपल्या पोरीच्या येळचं!"

काका थांबले.

"थांबलात का वं? वाचा की म्होरं."

त्यांनी पुस्तक मिटलं. वहिनी एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा अक्काकडे. तिचं हसू तोंडावरून जायला थोडा वेळ लागला, पण गेलं. अक्का उठली. "पुढचं तुम्हीच सांगा त्यांना," ती काकांना म्हणाली, पोरीच्या गालाला हात लावला आणि बाहेर येऊन बुटांची नाडी बांधायला बसली. तिला गाठ जमत नव्हती, ती मी बांधली.

काकांनी वहिनीला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. स्टॉलांवर उरलेली पुस्तकं त्यांनी परत आणली आणि वहिनीनं ती एकेक करून बंबात घातली, एवढं शेजारणींनी पाहिलं. आठवड्यानं काका शाळेच्या व्हरांड्यात आले, नेहमीसारखे, माझ्या पायांकडे बघत. मी म्हटलं, "मान वर करा आणि बोला." त्यांनी खरंच मान वर केली. त्यांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. साधे, पाणावलेले, कुठल्याही म्हाताऱ्या मामाचे असतात तसे. ते म्हणाले, "मी नाव कुठं घातलं होतं, माउली? पायच तर लिहिला." मी आत जाऊन वर्गाचं दार लावून घेतलं. अख्ख्या जन्मात मला कुणाची इतकी शिसारी आली नाही.

दारं उघडली ती काकांमुळे नव्हे. एका संध्याकाळी गावातली एक फाटक्या तोंडाची सासू उपकेंद्रावर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नर्सबाई, चल. सून तळमळती माझी. तुझ्या पायाचं लई ऐकलंय मी, आता हात दाव." अक्का गेली. मग दुसरं घर, मग तिसरं. पण मोजे ती पुढे कधीच काढायची नाही, घरात शिरतानासुद्धा. काकांनी वर्षभरानं पुन्हा लिहायला घेतलं, दुसऱ्या नावानं. त्या बायका सगळ्या मुंबईच्या होत्या आणि त्यांना पाय नव्हते. ती पुस्तकं फारशी खपली नाहीत असं ऐकलं. आणि त्या घरी कुणी बाई आली की पाण्याचा तांब्या वहिनीच पुढे करायची, काकांना हात लावू द्यायची नाही.

काका वारले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले नाही. अक्का गेली. आता आम्ही दोघी नगरला सावेडीत राहतो. अक्काला जवळचं दिसत नाही, म्हणून हे लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं, मोठ्यानं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाव बदल. दुकान कशाचं होतं तेही बदल. पोरीला ओळखतील लोक." पोर म्हणजे काकांची मुलगी. ती आता दोन मुलांची आई आहे, दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येते आणि अक्काला आत्या म्हणते. तिला यातलं काही माहीत नाही. मी म्हटलं, "त्या माणसाला अजून सांभाळतेस?" ती म्हणाली, "त्याला कोण सांभाळतंय? पोर माझ्या हातावर आलीय."

म्हणून मी गाव बदललं, दुकान बदललं. वहिनीचीही एक सवय होती, ती काढून टाकली. मग मी अक्काला विचारलं, "आणि तुझ्या पायावरचा डाग? तोही काढू?"

तिनं गोधडीतून डावा पाय बाहेर काढला. मोजा नव्हता.

"तो राहू दे," ती म्हणाली. "पाय माझा आहे."