दोन सीटच्या मोटारीला लॉरीचा भोपळा

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत आमचे हे कापसाचा भाव काढायला म्हणून अकोल्याला गेले आणि मोटार घेऊन आले. भाव काय निघाला ते आजपर्यंत मला कळलेलं नाही.

मोटार दोन सीटची होती, विलायतेला परत चाललेल्या कुण्या साहेबाची. हिरवीगार, बसकी. डोक्यावर छत म्हणून कापडाची एक घडी, तीही फाटकी. दारं इतकी ठेंगणी की बसल्या बसल्या हात खाली सोडला तर रस्त्यावरचा खडा उचलता यावा. पुढचं नाक मात्र लांबलचक, आणि माणसांना बसायला उरलीसुरली जागा. ही शर्यतीची जात आहे, असं हे ज्याला त्याला सांगत. सासूबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "धान्याचं पोतं कुठी ठेवाचं यात?"

"आई, हे पोतं वाहाची गाडी नाही."

"मंग कायची हाये?"

हे रुमालानं मोटारीचं नाक पुसू लागले. सासूबाई पदर सावरत आत गेल्या आणि त्यांच्यापुरता मोटारीचा विषय संपला.

आमचं गाव मंगरूळकडच्या अंगाला. वाशीमचा मुरमाचा रस्ता गाठायचा तर आधी काळ्या मातीतली गाडवाट आणि एक नाला ओलांडावा लागे. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या त्या वाटेत गुडघाभर खोल. पण हे डोळ्यांना काचेचा चष्मा लावून, गळ्यात रुमाल बांधून निघाले की त्यांना वाट दिसत नसे. त्यांना वाटेवरची माणसं दिसत. पारावर कोण बसलंय, विहिरीवर कोण आहे, कोणी वळून पाहिलं का, सगळीकडे त्यांचं लक्ष. रस्त्याकडे पाहायचं काम त्यांनी बहुधा मोटारीवर सोपवलं होतं.

व्हायचं ते संक्रांतीच्या सुमारास झालं. नाल्यातून वर येताना एक चाक ओल्या मातीत गरगरत राहिलं. ह्यांनी जोर वाढवला. चाकाला एकदम दगड सापडला, आतून कडाडकन आवाज आला आणि मोटार जागची हलेना. इंजिन आपलं मजेत चालू, चाकं स्वस्थ. शेवटी ती बैलजोडीला बांधून घरी आणली. हे स्टिअरिंगवर बसलेले, चष्मा तसाच. मी दाराआडून पाहत होते. हसू येत होतं, पण घरात नवीन होते, म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला.

वाशीमहून फिटर बोलावला. प्रवासी नेणाऱ्या सर्विस मोटारींवर काम केलेला उंच, पानानं तोंड रंगलेला माणूस. त्यानं मोटारीच्या मागच्या बाजूला उताणं होऊन पाहिलं आणि निदान केलं ते असं. इंजिनाचा जोर एका लांब दांड्यानं मागे येतो. मागच्या दोन चाकांच्या मधे, आसावर, एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटात दात्यांची चाकं असतात. दांड्याचं फिरणं ती चाकांना पोचवतात, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतात, आतल्याला कमी. ह्या गोळ्याचं नाव डिफरन्शिअल. फिटर डिप्रेंशल म्हणे. सासूबाईंनी तो बाहेर काढून अंगणात ठेवलेला पाहिला आणि त्या भोपळा म्हणाल्या. आमच्या घरात सासूबाईंचाच शब्द चालत असे, म्हणून तो भोपळा झाला.

भोपळ्याच्या आतले दाते मोडले होते. मुंबईहून नवे मागवून बसवले. होळी झाली नाही तोच त्याच नाल्यात, त्याच दगडाशी, ते पुन्हा मोडले.

"मालक, राग नोका मानू," फिटर म्हणाला, "हा डिप्रेंशल डांबरी सडकेचा हाये. नाजूक. आपल्या मुलखात याचा निभाव नाही लागत. इथं लॉरीचा पाहिजे."

"लॉरीचा यात बसंल?"

"बसवला का बसते."

वाशीमला सरकी काढायच्या एका जिनिंगच्या आवारात जुनी लॉरी पडून होती. तिचं इंजिन जळालं होतं, पण मागचा आस शाबूत होता. जिनवाले ह्यांच्या ओळखीचे. आठवड्याच्या आत तो आस बैलगाडीत घालून आमच्या अंगणात आला. मोटारीच्या आसाशेजारी ठेवला तेव्हा बकरीजवळ रेडा उभा केल्यासारखं दिसलं. मी ह्यांना हळूच विचारलं, "अहो, मोटारीत लॉरी बसवून राह्यले का लॉरीत मोटार?"

"तुले नाही समजाचं," हे म्हणाले. पण त्यांनी दोन्ही आसांकडे पुन्हा एकदा पाहिलं, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मग जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणावं की बांधकाम, मला ठरवता येत नाही. गावच्या लोहाराचा भाता आमच्याच गोठ्याजवळ आला. लॉरीचा आस रुंद, म्हणून मागची चाकं अंगाबाहेर आली. मोटारीची चाकं लॉरीच्या आसावर बसेनात, म्हणून चाकंही लॉरीचीच लावावी लागली. ती मोठी, म्हणून मोटारीचं बूड उंच झालं आणि नाक खाली गेलं. दांडा आखूड करून पुन्हा सांधला. फिटर आणि हे दिवसभर खालीच. जेवायला बोलवायचं तर पायांकडे पाहून ठरवावं लागे की यातले आपले कोणते.

पाडव्याला मोटार तयार झाली. मारुतीच्या पारापुढच्या मोकळ्या जागेत ती आणून उभी केली. हार घातला, नारळ फोडला. गाव जमलं होतं. हे रुमाल बांधून बसले, इंजिन सुरू केलं, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि पहिला गिअर टाकला.

मोटार मागे गेली.

मागे कडब्याची गंजी होती. तिच्यात ती कमरेपर्यंत घुसली. ह्यांना वाटलं, गिअर चुकला. म्हणून दुसरा टाकला. मोटार आणखी जोरात मागे गेली आणि गंजी त्यांच्यावर कोसळली. लोकांनी कडबा उपसून त्यांना मोकळं केलं. कोणीही मोठ्यानं हसलं नाही, आणि तेच ह्यांना जास्त लागलं असावं. शेवटी मागे जाण्याचा गिअर टाकून पाहिला, तर मोटार सावकाश पुढे निघाली.

पारावरचा एक म्हातारा अगदी गंभीरपणे म्हणाला, "मालक, शर्यतीत पाठमोरी उभी करजा. म्हंजे झालं."

त्या दिवशी हे घरापर्यंत मागच्या गिअरात पुढे आले.

"दोष आपला नाही," फिटर म्हणत होता. "साहेब लोकाइनं कमानीच उफराट्या लावल्या हायेत." कमानी म्हणजे मोटारीचं अंग आसावर तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. इतकं सांगून तो पान खायला गेला आणि चार दिवस वाशीमलाच राहिला.

हे मोटारीभोवती घिरट्या घालत राहिले. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून बसत. मला त्यांची कीव येऊ लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ताक करायला गेले तर रवी जागेवर नाही. शोधत शोधत गोठ्यामागे आले, तर हे मोटारीपाशी मांडी घालून बसलेले आणि रवी त्यांच्या हातात. ती सरळ धरून दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत होते, मग उलटी धरून फिरवत होते.

"मले रवी पाहिजे," मी म्हटलं. "दही आंबून राह्यलं."

"इकडं पाय," हे म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "सरळ धरली तं फूल या अंगाला फिरते. तशीच फिरवत उलटी केली तं त्या अंगाला. दिसलं?"

"दिसलं."

"लॉरीच्या कमानी वरून बसतात, आपल्या खालून. त्या जुळाव्या म्हणून फिटरनं अख्खा आस उपडा केला. भोपळा उलटा बसला, म्हणून चाकं उलटी फिरतात."

मला सगळं समजलं असं नाही. पण एवढं समजलं की हे त्यांनी स्वतः, कोणी न सांगता, शोधून काढलं होतं. लग्न झाल्यापासून त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. रवी घेतली आणि ताक करायला गेले. त्या दिवशी त्यांच्या भाकरीवर लोणी जरा जास्त ठेवलं.

आस सरळ केला, लोहारानं कमानींसाठी नवे पट्टे घडवले आणि मोटार पुढे जाऊ लागली. आता अडचण वेगळी झाली. लॉरीचा भोपळा ओझं ओढण्यासाठी घडवलेला. त्याला जोर अफाट, वेग नाही. इंजिन पूर्वीसारखंच शर्यतीचं गरजे, आणि मोटार मात्र चांगल्या दमणीच्या, म्हणजे माणसं नेणाऱ्या हलक्या बैलगाडीच्या, बरोबरीनं चाले. उतारावर थोडी पुढे, चढावर थोडी मागे. एकदा वाशीमच्या रस्त्यावर एका सायकलवाल्यानं ह्यांना मागे टाकलं आणि जाता जाता रामराम केला. तेव्हापासून चष्मा खुंटीला लागला.

त्यातून एक झालं. भोपळ्यातून सारखी घरघर येई. ती कुठून येते हे पाहायचं तर कान मागे हवा आणि हात पुढे स्टिअरिंगवर. हे दोन्ही एकट्याला जमेना. मग एका दुपारी, तूर निघालेल्या वावरात, ह्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. "फक्त सरळ धर," म्हणाले, आणि स्वतः मागच्या चाकाशेजारी कान लावून चालू लागले. घरघर काही सापडली नाही, पण रोज शोध चालू राहिला. मी सरळ धरायला शिकले, मग वळवायला, मग गिअर बदलायला. नवरा शेजारून पायी चालतोय आणि बायको मोटार हाकतेय, असं दृश्य आमच्या शिवारानं महिनाभर पाहिलं असेल. कोणी काही म्हणालं असेल तर माझ्यापर्यंत आलं नाही.

मोटारीची अब्रू मात्र पावसानं परत आणली. वैशाखात वळवाची सर आली आणि नाल्यात दगडगोट्यांनी भरलेली गाडी रुतली. बैल फेसाळले होते. गाडीवान आमच्या दारात आला.

"मालक, माह्या बैलाइपुढं तुमची मोटार जुपता काय?"

ह्यांना आधी ते चेष्टेसारखं वाटलं. पण दोर बांधला, हळूच गिअर टाकला, आणि त्या लॉरीच्या चाकांनी चिखल उपसत गाडी, बैल आणि गाडीवानासकट सगळं वर आणलं. ज्या दगडाशी दोनदा दाते मोडले होते तो दगडच उखडून बाहेर आला. त्या पावसाळ्यात कोणाचंही काही अडकलं की माणसं आमच्याकडे येत. हे अंगणात उभे राहून मोटारीच्या जोराबद्दल बोलत. वेग किती, असं कोणी विचारलं तर म्हणत, "वेग कायले पाहिजे? कोनाचं काय पेटलं हाये?"

मोटार बैलाच्या चालीनं चालते हे पाहून सासूबाईंचंही मन वळलं. एकदा त्या ह्यांच्या शेजारी बसून वेशीपर्यंत जाऊन आल्या. उतरल्यावर मला बाजूला घेतलं.

"गाडी बरी हाये," त्या म्हणाल्या. "पन हा लोकाइकडे पाह्यते. तू हाकतं म्हने?"

"थोडी थोडी, आत्याबाई."

"आसेगावले नेशीन मले?"

आसेगावला माझी नणंद दिली होती आणि तिच्या मुलाचं बारसं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताची घडी झटकत होते आणि ऐकू न आल्यासारखं करत होते.

"सीटा दोनच हायेत," मी म्हटलं. "मंग हे?"

"तो येईन दमणीनं," सासूबाई म्हणाल्या.

आणि तसंच झालं. मी नऊवारीचा काचा घट्ट करून बसले, सासूबाई मांडीवर लाडवांचा डबा घेऊन शेजारी, आणि मागून दमणीत आमचे हे. त्यांनी बैल पुढे काढू नयेत म्हणून सासूबाई मधून मधून वळून पाहत. हे मला जाताना एवढंच म्हणाले, "चढावर गिअर आधीच बदल. थांबू नोको." आवाजात धाकधूक होती, पण ती माझ्यासाठी होती की भोपळ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

पहिल्या वळणापर्यंत मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. मग वाट मोकळी झाली. दोन्ही बाजूंना हातभर वाढलेली कापसाची पऱ्हाटी, आणि इंजिनाचा तो प्रचंड, उगाचचा आवाज. सासूबाईंना मधेच डुलकी लागली, डबा घसरला तो मी एका हातानं धरला. आसेगावात शिरलो तेव्हा बाया दारात आल्या. नणंदेची सासू मोटारीपाशी येऊन पाहुणे शोधू लागली.

"मोटार कोनी आनली?"

"सुनेनं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातात हात देऊन खाली उतरल्या.

दमणी थोड्याच वेळात मागून आली. हे धुळीनं माखलेले होते. अंगणात पाय धुताना त्यांच्याभोवती पुरुषमंडळी जमली, आणि मी आतून ऐकलं, हे मोठ्या उत्साहानं त्यांना सांगत होते, लॉरीच्या भोपळ्याला किती दाते असतात आणि तो उलटा बसला तर काय होतं. पानं वाढली, वरण निवलं, तरी त्यांचं सांगणं संपेना. शेवटी मीच दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलणं तोडलं आणि लोकांना म्हणाले, "चढावर तिनं गिअर वेळेवर बदलला. मी मागून पाह्यलं."

पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं, पेट्रोल सरकारी चिठ्ठीवर मोजून मिळू लागलं आणि मोटार गोठ्यातच उभी राहू लागली. एका कोंबडीनं तिच्या सीटवर अंडी घातली तेव्हा हे तिला हाकलायलाही गेले नाहीत.