दहा वर्षांचा अंधार

विद्यापीठाच्या संग्रहालयात एका व्हिक्टोरियन काळातल्या विचारवंतानं जलरंगात काढलेली चित्रं तीन महिने भिंतीवर लागत आणि मग दहा वर्षं अंधाऱ्या पेटीत ठेवली जात, नाहीतर रंग उडाले असते. हा नियम एडविना बर्केटनं एकतीस वर्षं पाळला होता. आज तिचं लाडकं, शेवाळल्या दगडाचं चित्र पेटीत जायचं होतं.

"परत काढायची तारीख लिही गं," सोबतची हिल्डा म्हणाली. "दोघी काठ्या टेकत येऊ बघायला!"

"तू ये."

"आणि बाईसाहेब काय, राणीकडे चहाला?"

डॉक्टरांनी एडविनाला नाताळपर्यंतचीच मुदत दिली होती. हिल्डाला ते ठाऊक नव्हतं. अजून एक दिवस राहू दे, असं एडविनाच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं, पेन्सिलीनं तारीख लिहिली आणि झाकण लावलं.